बर्फातल्या कुत्र्यांचे बूट यवतमाळच्या लोहाऱ्यात कामाचे आहेत का?

डिसेंबर लागला की इन्स्टाग्रामवर दोन प्रकारचे रील्स हमखास येतात. एक, मनालीत एकमेकांवर बर्फ फेकणाऱ्या पर्यटकांचे. आणि दुसरे, बर्फात बूट घालून फिरणाऱ्या कुत्र्यांचे. चार पायांत चार लाल बूट, अंगात जॅकेट आणि बुटांची सवय नसल्यामुळे पाय उंच उचलून टाकणारा हस्की. बघणारा हसतो, दोन मित्रांना पाठवतो. फोनला कळतं की याला कुत्रे आवडतात, आणि पुढच्या मिनिटाला जाहिरात येते, 'डॉग शूज, चारचा सेट'.

आता समजा ही जाहिरात यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात कुणाच्या तरी मोबाईलवर आली. धाराशिव जिल्ह्यात लोहारा नावाचा तालुका आहे, तो वेगळा. हे एमआयडीसीवालं लोहारा. इथं बर्फ पडत नाही. कधीतरी गारपीट होते, अंगण दहा मिनिटं पांढरं दिसतं आणि लोक 'आपलं काश्मीर' म्हणून स्टेटस ठेवतात, तेवढाच काय तो बर्फ. मग या बुटांचं इथं काय काम?

बर्फासाठी म्हणाल, तर काहीच नाही. पण थंड देशातले लोक कुत्र्याच्या पायाची आणि केसांची एवढी काळजी का घेतात, हे एकदा समजून घेतलं की लक्षात येतं की आपल्याकडच्या कुत्र्यालाही ती काळजी लागते. फक्त धोका वेगळा आहे आणि त्याचा महिनाही वेगळा आहे. कसं ते बघू.

मुळात कुत्र्याचा पाय बर्फात गोठत कसा नाही?

माणसानं अनवाणी बर्फावर पाय ठेवला तर काही मिनिटांत बधिर होतो. कुत्रा मात्र त्याच बर्फावर निवांत उभा असतो. याचं उत्तर पंजाच्या खालच्या त्या काळ्या किंवा गुलाबी गाद्यांमध्ये आहे.

या गाद्यांची कातडी जाड आणि खरखरीत असते, आतमध्ये चरबीचा थर असतो. ही चरबी गाडीच्या शॉकअप्सारखं काम करते आणि जमिनीचा गारवा वर चढू देत नाही. पण खरी गंमत रक्तवाहिन्यांची आहे. २०११ मध्ये जपानमधल्या निनोमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या पंजातल्या रक्तवाहिन्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. त्यात दिसलं की पंजात गरम रक्त घेऊन येणाऱ्या धमन्या आणि थंड रक्त परत नेणाऱ्या शिरा एकमेकींना अगदी चिकटून आहेत.

गिझरच्या गरम पाण्याचा पाइप आणि टाकीच्या थंड पाण्याचा पाइप एकत्र बांधले तर काय होईल? गरम पाण्याची थोडी उष्णता थंड पाइपाला मिळेल. कुत्र्याच्या पायात तेच होतं. पंजातून वर जाणारं थंड रक्त वाटेतच गरम होतं. त्यामुळे पंजा गोठत नाही आणि अंगाची ऊबही टिकते.

याच पंजाचं आणखी एक काम आहे. कुत्र्याला आपल्यासारखा सगळ्या अंगाला घाम येत नाही. घामाच्या ज्या ग्रंथी कामाच्या आहेत, त्या मुख्यतः पंजाच्या गाद्यांमध्ये असतात. पण तेवढ्यानं एवढं मोठं शरीर थंड होत नाही. म्हणून उन्हात कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. त्याचा खरा कूलर म्हणजे ती जीभ आणि तोंड.

म्हणजे थंडीच्या बाबतीत कुत्र्याकडे चांगली सोय आहे, उष्णतेच्या बाबतीत कमी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

एवढी सोय आहे तर थंड देशात बूट कशाला?

कारण तिथं बर्फापेक्षा बर्फावर टाकलेल्या गोष्टी जास्त त्रास देतात.

टोरँटो किंवा शिकागोत राहणाऱ्या कुठल्याही मराठी कुटुंबाला विचारा. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून तिथं मीठ आणि कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार टाकतात. हे खडे कुत्र्याच्या बोटांमध्ये अडकतात, कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, झोंबतं. झोंबलं की कुत्रा पाय चाटतो आणि तो क्षार पोटात जातो. मग उलट्या, जुलाब. जास्त प्रमाणात गेलं तर प्रकरण गंभीर होतं. गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून वापरतात त्या द्रवात इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी. थोडंसं चाटलं तरी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.

दुसरा त्रास बोटांमधल्या केसांचा. लांब केसांना ओला बर्फ चिकटतो, त्याच्या गोळ्या होतात, आणि बुटात खडा घेऊन चालल्यासारखी कुत्र्याची अवस्था होते. म्हणून तिकडचे लोक बोटांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीनं कापतात, बाहेर नेण्याआधी गाद्यांना मेणासारखं मलम लावतात आणि घरी आलं की कोमट पाण्यानं पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करतात. हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात.

अलास्कामध्ये दरवर्षी इडिटारॉड नावाची कुत्र्यांच्या गाडीची शर्यत होते. अंतर साधारण १,६०० किलोमीटर. तिच्या नियमांत प्रत्येक कुत्र्यामागे ८ बूट जवळ असणं सक्तीचं आहे. म्हणजे चार पायांत आणि चार जादा. ज्या कुत्र्यांचा जन्मच बर्फात गेला, त्यांनाही इतक्या लांबच्या पल्ल्याला बूट लागतात.

पण बूट म्हणजे प्रत्येक वेळी भलंच असंही नाही. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला, तेव्हा भारतानं 'ऑपरेशन दोस्त'मध्ये एनडीआरएफच्या जवानांसोबत ज्युली, रोमिओ, हनी आणि रॅम्बो हे चार लॅब्राडोर पाठवले होते. कडाक्याच्या थंडीत ज्युलीनं गाझियानटेप भागात ढिगाऱ्याखाली अडकलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा माग काढला. अशा ढिगाऱ्यावर काम करणाऱ्या कुत्र्यांना जगभरात सहसा बूट घालत नाहीत. कारण तुटक्या स्लॅबवर तोल सांभाळायला नखं आणि गाद्यांची पकड लागते. बुटात ती पकड जाते.

थोडक्यात, बूट घालायचा की नाही हे खाली जमीन कशी आहे त्यावर ठरतं.

आणि अंगावरचे केस?

हस्की, जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब, जरा राठ. आतले मऊ, दाट, कापसासारखे. आतल्या थरात हवा अडकते आणि तीच रजईचं काम करते. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्याला हे वेगळं समजवायची गरज नाही. पिंजलेला कापूस गरम ठेवतो तो त्यातल्या हवेमुळे. रजई ओली झाली, दबली, की ऊब संपली. कुत्र्याच्या केसांचंही तसंच. ओले आणि गुंता झालेले केस थंडी अडवत नाहीत. म्हणून बर्फातून आल्यावर कुत्र्याला पुसून कोरडं करणं आणि नियमित विंचरणं हे जॅकेटपेक्षा महत्त्वाचं.

आता इथं एक चूक होते, आणि ती आपल्याकडे जास्त होते. उन्हाळा आला की लोक म्हणतात, 'बिचाऱ्याला किती गरम होत असेल' आणि दुहेरी केसांच्या कुत्र्याचा चक्क गोटा करतात. हेतू चांगला असतो, पण हे केस बाहेरची उष्णताही काही प्रमाणात अडवतात आणि ऊन थेट कातडीवर येऊ देत नाहीत. मुळापासून भादरलं तर कातडी उन्हानं भाजते. काही कुत्र्यांचे केस पुन्हा नीट येतच नाहीत, चट्टे राहतात. अशा कुत्र्याला भादरण्यापेक्षा विंचरून आतले गळके केस काढणं चांगलं. त्यानं हवा खेळती राहते. शिट्झूसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे केस कापावेच लागतात, पण तेही कातडीपर्यंत नाही.

केसांवरून आणखी एक गोष्ट. गावाकडे कुत्र्याला खरूज झाली किंवा गोचीड झाले की अंगाला गाडीचं जळकं ऑइल किंवा रॉकेल लावायची पद्धत आहे. ते करू नका. कुत्रा अंग चाटतो आणि ते तेल पोटात जातं, कातडीही भाजते. खरूज आणि गोचीड दोन्हींवर औषधं आहेत, आणि ती डॉक्टरांना विचारूनच द्यायची.

लोहाऱ्याच्या हिवाळ्यात बर्फाच्या जागी काय आहे?

विदर्भात थंडी नसते असं पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं किमान तापमान ३.५ अंशांवर आलं होतं. यवतमाळ भागातही थंडीची लाट आली की पारा १० च्या खाली जातो. गावठी कुत्र्याचे केस आखूड आणि विरळ. उन्हाळ्यासाठी ते बरे, पण अशा रात्री सिमेंटच्या ओट्यावर झोपलेला कुत्रा कुडकुडतो. पिल्लं आणि म्हातारी कुत्री तर जास्तच.

यासाठी जॅकेट विकत घ्यायची गरज नाही. जमिनीपासून चार बोटं उंच अशी फळी किंवा लाकडी खोकं, त्यात कोरडा बारदाना आणि वारा येणार नाही अशी भिंतीकडेची जागा. गारवा सगळ्यात जास्त खालच्या फरशीतून येतो, त्यामुळे अंगावर पांघरूण घालण्यापेक्षा अंगाखाली अंथरूण महत्त्वाचं. बारदाना दवानं ओला झाला तर बदला. ओल्या रजईचं वर सांगितलंच आहे.

पण हिवाळ्यात फिरायला नेलेल्या कुत्र्याच्या पायाला इथं खरा धोका आहे तो कुसळांचा. पावसाळ्यात माळावर वाढलेलं कुसळी गवत हिवाळ्यात वाळतं. त्याच्या बिया बाणाच्या टोकासारख्या असतात. पँटीला चिकटलेली कुसळं काढत बसायचा अनुभव शेतातून आलेल्या प्रत्येकाला आहे. कुत्र्याच्या बाबतीत हीच कुसळं बोटांमधल्या मऊ कातडीत, कानात, केसांत शिरतात. त्यांची रचनाच अशी की पुढं सरकतात, मागं येत नाहीत. दोन दिवसांनी बोटांमध्ये गाठ येते, पू होतो, कुत्रा लंगडतो आणि मालकाला वाटतं पाय मुरगळला.

बर्फाच्या देशात केसांना बर्फाच्या गोळ्या चिकटतात, इथं कुसळं चिकटतात. उपाय मात्र एकच आहे. बोटांमधले केस आखूड ठेवा आणि घरी आल्यावर प्रत्येक पंजा हातात घेऊन बोटं फाकवून बघा.

सोबत सराट्याचे काटे आणि बाभळीचे काटे आहेतच. काटा वर दिसत असेल तर चिमट्यानं सरळ काढा, पाय मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा आणि कोरडा करा. आत मोडला असेल तर घरी सुईनं कोरू नका. आणि वेदना कमी व्हाव्यात म्हणून माणसांची गोळी देऊ नका. आपल्या डोकेदुखीच्या आणि अंगदुखीच्या साध्या गोळ्यासुद्धा कुत्र्यासाठी विष ठरू शकतात.

तिसरी गोष्ट शेकोटीची. हिवाळ्यात चौकाचौकांत शेकोटी पेटते, शेतात पऱ्हाटी जाळतात. माणसं उठून जातात आणि कुत्रं त्या उबदार राखेत जाऊन बसतं. राख वरून विझलेली दिसते, आत निखारे असतात. पंजा आणि पोटाखालची कातडी भाजते. उठताना शेकोटीवर बादलीभर पाणी मारणं, एवढंच काम आहे.

आणि थंडीत कुत्री गाडीखाली, गरम इंजिनाजवळ झोपतात. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बोनेटवर दोन थापा मारा, खाली वाकून बघा. कॅनडातले लोक हेच करतात, लोहाऱ्यातही करता येतं.

पण खरा पेपर मार्चनंतर सुरू होतो

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. कुत्र्याचं शरीर थंडीसाठी जेवढं तयार आहे, तेवढं उष्णतेसाठी नाही.

विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ च्या पुढं जाणं नवीन नाही. पण हवामान खात्याचा हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. रस्त्याचा नाही. काळं डांबर ऊन पीत राहतं. हवा २५ अंश असताना भर उन्हातलं डांबर साधारण ५२ अंशांवर जाऊ शकतं. हवा ३० अंश असेल तर ५७ च्या आसपास. आणि ५२ अंशांच्या पृष्ठभागावर मिनिटभर टेकून राहिलं तरी कातडी भाजू शकते. हे आकडे २५ आणि ३० अंशांचे आहेत, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या दुपारचे. नवतपातल्या दुपारी डांबर ६० च्या वर सहज जातं.

आपण चपला घालतो म्हणून कळत नाही. कुत्रा अनवाणी असतो.

भाजलेला पंजा कसा ओळखायचा? कुत्रा चालायला नकार देतो, पाय आळीपाळीनं उचलतो, घरी येऊन पंजे चाटत बसतो. गादीचा रंग गडद होतो किंवा लालसर दिसतो, फोड येतात, वरचा थर सोलवटून निघतो. अशा वेळी पंजावर साधं नळाचं थंड पाणी दहा-पंधरा मिनिटं सोडा. बर्फ लावू नका, टूथपेस्ट आणि हळद-तेलही नको. स्वच्छ कापड सैलसर गुंडाळा आणि डॉक्टरांकडे न्या.

टाळायचं कसं? तळहात उलटा करून, म्हणजे हाताची मागची बाजू, रस्त्यावर टेकवा. सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला न्यायचं नाही. एवढी साधी परीक्षा आहे. यात एक फसगत होते ती संध्याकाळची. मे महिन्यात सहा वाजता ऊन उतरतं, माणसाला बरं वाटतं, पण दिवसभर तापलेला रस्ता लगेच निवत नाही. म्हणून पहाटेचा फेरा सगळ्यात चांगला. रस्त्याऐवजी कडेची माती किंवा गवत चांगलं.

मग ते बूट? इथं त्यांचा उपयोग होऊ शकतो. दुपारी दवाखान्यात न्यायचंच आहे, मधला रस्ता तापलेला आहे, तर तेवढ्यापुरते घालावेत. पण दिवसभर नाही. कारण पंजातूनच थोडाफार घाम जातो, तोही बुटात कोंडतो. आणि बुटांमुळे कुत्रा दुपारी फिरवायला 'सेफ' झाला असं अजिबात नाही. पाय वाचेल, अंग तापेलच.

अंग तापणं हा पंजा भाजण्यापेक्षा मोठा धोका आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास. ते ४१ च्या वर गेलं की उष्माघात. जोरजोरात धाप, तोंडातून घट्ट लाळ, हिरड्या लालभडक, उलटी, झोकांड्या, मग कोसळणं. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या अभ्यासकांचा यावर सल्ला आहे, 'आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या'. म्हणजे सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओतत राहा आणि पंखा किंवा कूलर लावा. ओला टॉवेल अंगावर टाकून तसाच ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

मग विदर्भात हस्की पाळायचा की नाही?

इथं रीलचा आणि वास्तवाचा सामना होतो. सायबेरियन हस्की हा उणे तापमानात गाडी ओढायला तयार झालेला कुत्रा. निळे डोळे आणि लांडग्यासारखं रूप बघून त्याला ४४ अंशांच्या गावात आणलं जातं. कायदा यावर गप्प आहे का? पूर्ण नाही. एप्रिल २०१६ मध्ये केंद्रानं परदेशी कुत्र्यांच्या आयातीवर निर्बंध आणले आणि व्यापारी पैदाशीसाठी कुत्रे आणणं बंद केलं. २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीचे नियम आले, पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची झाली. पण देशातच जन्मलेला हस्की कुठल्या हवामानात विकावा, यावर बंधन नाही. तो निर्णय घेणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेला आहे.

ही समजूत महाग पडते. एसी, वीज, रोजचं विंचरणं आणि चार महिने दुपारी घरात कोंडून राहणारा, मुळात पळायला जन्मलेला कुत्रा. वीज गेली की पुढचे दोन तास काळजीचे. हे सगळं जमणार असेल तरच विचार करावा. ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी अपराधी वाटून घेण्यापेक्षा वरची काळजी घ्यावी.

पर्याय आपल्याच भागात आहेत. ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशी जातींचा उल्लेख केल्यावर मुधोळ हाउंड देशभर चर्चेत आला. या जातीला नाव मिळवून देण्याचं श्रेय मुधोळच्या घोरपडे संस्थानाला दिलं जातं. मराठवाड्यातला कारवानी हा त्याच घराण्यातला. आखूड केस, सडपातळ अंग, लांब पाय. हे शरीर दख्खनच्या उन्हासाठी घडलेलं आहे. आणि सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे गल्लीतलं गावठी पिल्लू. अर्थात तापलेलं डांबर गावठी, मुधोळ आणि हस्की असा भेद करत नाही. गादी सगळ्यांची भाजते.

ज्यांना मालकच नाही त्यांचं काय?

आतापर्यंतच्या सगळ्या सूचना मालकासाठी होत्या. पण २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १.५३ कोटी भटकी कुत्री आहेत, महाराष्ट्रात त्यातली पावणेतेरा लाखांच्या आसपास. त्यांच्या पंजांकडे बघणार कोण?

२०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा विषय थेट सर्वोच्च न्यायालयात पेटला. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं. देशभर वाद झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्यांना त्याच भागात सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नका, आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्या, असं सांगितलं. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री हटवून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि पुन्हा तिथं न सोडण्याचा आदेश आला.

चावण्याची आणि रेबीजची भीती खरी आहे. ज्यांच्या लेकराला कुत्रा चावलाय त्यांना पंजाची काळजी घ्या सांगणं सोपं नाही. पण कुत्री निवाऱ्यात ठेवायची ठरली, तर प्रश्न येतो की विदर्भात तो निवारा कसा असेल? टिनाचं छत आणि सिमेंटची फरशी असेल, तर मे महिन्यात ती भट्टी होते. गल्लीतलं कुत्रं निदान कडुनिंबाखाली किंवा नालीच्या ओल्या मातीत जाऊन पडतं, कोंडलेल्याला तेही करता येत नाही. छत, सावली, पाणी आणि खालची जमीन यांचा विचार बांधकामाच्या नकाशातच व्हायला हवा. तो नगरपालिकांना करावा लागेल, आणि उन्हाळ्याआधी.

कायद्याचं म्हणाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. एवढ्यात आज एक प्लेट समोसा येतो. प्राण्याला ठार मारणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण भर दुपारी गच्चीवर साखळीला बांधून ठेवलेला कुत्रा सहसा त्या पहिल्या, पन्नास रुपयांच्या कलमात बसतो.

उष्णतेच्या लाटेबाबत सरकारी सूचना दरवर्षी येतात. त्यात जनावरांना सावलीत ठेवा आणि भरपूर पाणी द्या अशी एक ओळ असते. गोठ्यातल्या बैलासाठी ती ओळ पाळणारा मालक असतो. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी ती ओळ म्हणजे कुणीतरी दारात ठेवलेलं पाण्याचं भांडं.

मग नेमकं करायचं काय?

वर्षभराचा हिशेब असा मांडता येईल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: माळावरून आल्यावर पंजे, कान आणि पोटाखालचे केस तपासा, कुसळं-काटे काढा. बोटांमधले केस आखूड ठेवा. गादीला भेगा असतील तर रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. झोपायला जमिनीपासून उंच, कोरडी जागा द्या. शेकोटी विझवूनच उठा.

मार्च ते जून: सात सेकंदांची परीक्षा केल्याशिवाय डांबरावर नेऊ नका. पहाटे फिरवा. दुहेरी केसांच्या कुत्र्याचा गोटा करू नका, विंचरा. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. बूट फक्त नाइलाजाच्या वेळी.

पावसाळ्यात: बोटांमधली ओल पुसा, नाहीतर बुरशी होते. गोचीड या काळात वाढतात, केस बाजूला करून कातडी बघा.

मनाली-काश्मीरला कुत्र्याला सोबत नेणार असाल तर: मग मात्र ते बूट घ्या, पण जायच्या आधी दोन आठवडे घरातच थोडा थोडा वेळ घालून सवय करा. बर्फात एका वेळी थोडाच वेळ फिरवा. परत आल्यावर कोमट पाण्यानं पाय धुवा, पूर्ण कोरडं करा. कान, शेपटी आणि पंजे फिकट किंवा कडक वाटले तर चोळू नका, ऊब देऊन डॉक्टर गाठा. विदर्भात वाढलेल्या कुत्र्यासाठी उणे तापमान हा तेवढाच परका अनुभव आहे, जेवढा हस्कीसाठी नवतपा.

त्रास झालाच तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यांनाही तपासतात, तिथं फक्त गाई-म्हशी नेतात हा गैरसमज आहे.

त्या जाहिरातीतल्या बुटांबद्दल शेवटचं. लोहाऱ्यात राहून ते मागवायचेच असतील तर डिसेंबरमध्ये घाई नाही. त्याच पैशात आधी एक पसरट मातीचं भांडं, एक बारदाना आणि एक चांगला कंगवा येईल. आणि मार्चमधल्या पहिल्या कडक दुपारी दारासमोरच्या रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, ते तर फुकटच आहे.